पाण्यातले विष आणि रंगाची साक्ष : मायफळापासून नॅनोकणांपर्यंत

१.
पाणी गढूळ असले तर डोळ्यांना कळते, नासले असले तर नाकाला कळते. पारा, शिसे, आर्सेनिक ही विषे मात्र नितळ आणि चवदार पाण्यातही असू शकतात, आणि कोणत्याही इंद्रियाला त्यांचा पत्ता लागत नाही. अशा अदृश्य द्रव्यांना डोळ्यांना दिसेल असा रंग देण्याची खटपट माणूस सुमारे दोन हजार वर्षे करत आला आहे. वनस्पतींच्या काढ्यात तयार केलेले सोन्या-चांदीचे नॅनोकण हा तिचा अलीकडचा टप्पा. त्या खटपटीचा आणि तिला वारंवार सामोऱ्या आलेल्या एका प्रश्नाचा हा इतिहास. (थ्रेड)

२.
सुरुवात रोममध्ये होते. तांब्यावर चढणारा हिरवा जंगाल इसवी सनाच्या पहिल्या शतकात रंगकामात आणि औषधांत वापरला जाई. व्यापारी त्यात स्वस्त हिराकस मिसळीत. ही भेसळ पकडण्याची युक्ती थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक बृहद्ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. मायफळाच्या पाण्यात भिजवलेला पपायरसचा तुकडा घ्यावा आणि त्यावर संशयित जंगाल लावावा. तुकडा काळा पडला, तर मालात हिराकस आहे.

३.
बाळगुटीत उगाळले जाणारे मायफळ म्हणजे ओकच्या झाडावर कीटकाने अंडी घातल्यामुळे उठणारी गाठ. तिच्यात टॅनिन भरपूर असते. हिराकशीतील लोहाशी टॅनिनचा संयोग झाला की निळसर काळा रंग उमटतो. युरोपातील लेखनाची शाई शतकानुशतके याच संयोगावर चालली. आपल्याकडच्या हिरड्यातही टॅनिन असते आणि लोहाशी त्याचे वर्तन तसेच असते. वनस्पतीचा अर्क, धातू आणि रंग हे त्रिकूट अशा रीतीने रसायनशास्त्र जन्माला येण्याच्या कितीतरी आधी जमलेले होते.

४.
हीच परीक्षा १७ व्या शतकात रॉबर्ट बॉइलने पाण्यासाठी वापरली. व्हायोलेट फुलांचा पाक आम्लाने तांबडा आणि अल्काने हिरवा होतो, हे त्याने १६६४ च्या रंगविषयक ग्रंथात दाखवले. पुढे १६८५ मध्ये खनिज जलांवर लिहिताना, झऱ्याच्या पाण्यात लोह आहे की नाही हे ओळखण्यासाठी त्याने मायफळाचा आधार घेतला. पाण्याच्या गुणांविषयीची ख्याती आणि पाण्यात प्रत्यक्ष असलेले द्रव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट होऊ लागले.

५.
त्याच १६८५ साली आंद्रेआस कासियस याच्या नावाने एक पुस्तक प्रसिद्ध झाले आणि एक जांभळा रंग युरोपभर गाजला. आम्लराजात विरघळवलेल्या सोन्यात कथिलाचा क्षार घातला की द्रावण जांभळे होते. काचकाम आणि चिनी मातीची भांडी यांसाठी तो रंग मोलाचा ठरला. द्रावणात सोने असल्याची खूण म्हणूनही त्याचा उपयोग झाला. पिवळे सोने जांभळे का दिसते, याचे समाधानकारक उत्तर मात्र पुढची दीडशे वर्षे कोणापाशी नव्हते.

६.
तोवर रंगाच्या परीक्षा व्यापारी आणि वैद्य यांच्या कामाच्या होत्या. १९ व्या शतकात त्यांच्यावर माणसाचे प्राण अवलंबून राहू लागले. सोमल, म्हणजे पांढरे आर्सेनिक, उंदीर मारण्यासाठी सहज विकत मिळे. ते पिठासारखे दिसते आणि पेयात मिसळले तर चवीवरून कळत नाही. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीस लंडनजवळच्या प्लमस्टेड येथे जॉर्ज बोडल हा वृद्ध कॉफी प्याल्यानंतर मरण पावला. संशय त्याच्या नातवावर, जॉन बोडलवर आला. परीक्षेचे काम वुलिच येथील शस्त्रागारातील रसायनज्ञ जेम्स मार्श याच्याकडे सोपवण्यात आले.

७.
मार्शने नमुन्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला. पिवळा साका खाली बसला. रासायनिक दृष्ट्या तो हरताळच होता, म्हणून आर्सेनिक सिद्ध झाले. परंतु खटला उभा राहीपर्यंत तो साका बिघडला आणि पंचांना दाखवण्याजोगे काही उरले नाही. पुराव्यावरच हरताळ फासला गेल्यासारखे झाले. जॉन बोडल निर्दोष सुटला. गुन्हा आपणच केल्याची कबुली त्याने नंतर दिली. रसायनज्ञाला दिसलेला रंग तिऱ्हाइताला पटेपर्यंत टिकला पाहिजे, हा धडा मार्शला त्यातून मिळाला.

८.
१८३६ मध्ये त्याने नवी परीक्षा प्रसिद्ध केली. जस्त आणि आम्ल यांच्या साहाय्याने नमुन्यातील आर्सेनिकचे वायूत रूपांतर करायचे, तो पेटवायचा आणि ज्योतीवर थंड चिनी मातीचा तुकडा धरायचा. तुकड्यावर काळसर, चकचकीत डाग बसे आणि तो टिके. १८४० मध्ये फ्रान्समध्ये मारी लाफार्ज हिच्यावरील खटल्यात ही परीक्षा निर्णायक ठरली. स्थानिक तज्ज्ञांचे निष्कर्ष परस्परांशी जुळेनात, तेव्हा पॅरिसहून मातेओ ऑर्फिला याला बोलावण्यात आले.

९.
त्या काळात आणखी एक शंका पुढे आली. परीक्षेसाठी वापरलेल्या जस्तातच किंवा आम्लातच आर्सेनिक असेल तर? तसे घडणे शक्य होते, कारण दोन्ही पदार्थ अनेकदा अशुद्ध असत. म्हणून नमुना न घालता आधी नुसत्या रसायनांची परीक्षा घ्यायची आणि डाग उमटत नाही याची खात्री करायची, अशी शिस्त रुजली. डाग दिसणे एवढ्याने काम भागत नाही. तो कशामुळे उमटला हे दाखवता आले पाहिजे. हाच या इतिहासातील पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न आहे.

१०.
१८७९ मध्ये माक्स गुटझाइट याने मार्शची रीत सोपी केली. ज्योत आणि काचनळ्या काढून टाकल्या, आणि तोच वायू सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर सोडला. कागदावर पिवळा डाग पडे. पुढे चांदीच्या क्षाराऐवजी पाऱ्याच्या क्षाराचा कागद रूढ झाला. एक बाटली, थोडी रसायने आणि कागदाचा तुकडा एवढ्यावर परीक्षा होऊ लागली. शंभर वर्षांनंतर हाच कागद बंगालच्या हातपंपांपाशी पोहोचणार होता.

११.
मार्शचे आणखी एक नाते या विषयाशी आहे. वुलिचच्या लष्करी अकादमीत मायकेल फॅरडे रसायनशास्त्राची व्याख्याने देई, आणि तेथे त्याचा साहाय्यक मार्श होता. मार्श १८४६ मध्ये वारला. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, विद्युत्चुंबकीय शोधांमुळे जगप्रसिद्ध झालेला फॅरडे सोन्याच्या रंगाकडे वळला. सोने आणि प्रकाश यांच्या नात्यावरील त्याचे व्याख्यान रॉयल सोसायटीत ५ फेब्रुवारी १८५७ रोजी झाले. नॅनोकणांच्या विज्ञानाचा आरंभ अनेक अभ्यासक तेथून मोजतात.

१२.
सोन्याच्या क्षाराच्या विरळ द्रावणावर फॅरडेने फॉस्फरसची क्रिया घडवली. द्रावण माणकासारखे लाल झाले. ते पूर्ण पारदर्शक दिसे, पण त्यातून प्रकाशाचा झोत सोडला की झोताची वाट उजळून दिसे. विरघळलेल्या मिठाच्या पाण्यात असे होत नाही. त्यावरून त्याने अनुमान काढले की सोने येथे विरघळलेले नाही. अतिसूक्ष्म कणांच्या रूपात ते पाण्यात तरंगते आहे. त्याने केलेली काही लाल द्रावणे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवलेली आहेत.

१३.
पुढचे निरीक्षण अधिक महत्त्वाचे ठरले. त्या लाल द्रावणात थोडे साधे मीठ घातले की ते निळे पडे. द्रावणात आधीच जेली मिसळली असेल तर रंगातील हा बदल रोखला जाई. सोने तेवढेच, पाणी तेवढेच. फरक पडला होता तो कणांच्या अवस्थेत. बाहेरून एखादे द्रव्य आले की रंग पालटतो आणि कणांना आवरण असले की पालटत नाही, या दोन गोष्टी फॅरडेच्या प्रयोगात एकत्र आल्या. नॅनोकणांनी विष ओळखण्याची कल्पना आणि तिची मुख्य अडचण, दोन्ही तेथे बीजरूपाने होत्या.

१४.
फॅरडेला ते कण पाहता आले नाहीत. रिखार्ड झिगमोंडी याने हेन्री सीडेनटोफ याच्या साहाय्याने १९०३ च्या सुमारास अतिसूक्ष्मदर्शक बनवला, तेव्हा एकेका कणाची चमक प्रथमच डोळ्यांना दिसली. कासियसच्या जांभळ्या रंगाचे कोडेही झिगमोंडीनेच सोडवले. सोन्याचे सूक्ष्म कण आणि कथिलाचे ऑक्साइड यांचे ते मिश्रण होते. या कामासाठी त्याला १९२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कणांच्या आकारावरून रंगाचे गणित मांडले ते १९०८ मध्ये गुस्ताफ मी या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने.

१५.
रंगाचे कारण थोडक्यात असे. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर हेलकावे खातात. कण १५-२० नॅनोमीटरचा असला, तर सोन्याच्या बाबतीत हा ताल सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या प्रकाशाशी जुळतो. तो प्रकाश शोषला जातो आणि द्रावण लाल दिसते. चांदीचा ताल ४०० नॅनोमीटरच्या आसपास असतो, म्हणून तिचे द्रावण पिवळे. सोन्याचे कण एकमेकांजवळ आले, की त्यांचे ताल परस्परांत गुंततात, शोषण लांब तरंगलांबीकडे सरकते आणि लालाचा निळा होतो. हे शोषण साध्या रंगद्रव्याच्या मानाने हजारपटीहून अधिक असते, म्हणून कणांची अगदी थोडी मात्राही नजरेला पुरते.

१६.
सोन्याच्या कणांचे हे गूढ उकलत असतानाच पाण्यातील विषाचा प्रश्न जगापुढे नव्या रूपात आला. जपानमधील मिनामाता या किनाऱ्यावरील गावात १ मे १९५६ रोजी एका अनाकलनीय मज्जाविकाराची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्या सांडपाण्यातून मेथिल पारा उपसागरात जात होता, तेथून माशांत आणि माशांतून माणसांत. कारखान्याच्याच रुग्णालयातील डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १९५९ मध्ये ते सांडपाणी मांजराला खाऊ घालून तोच आजार उत्पन्न झालेला पाहिला. तो निष्कर्ष दडपला गेला. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले ते १९६८ मध्ये.

१७.
परीक्षेचे साधन कोणाच्या हाती आहे, यावर किती काही अवलंबून असते ते मिनामाताने दाखवले. १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲलन वॉल्श यांनी अणुशोषण वर्णपटाची पद्धत मांडली होती आणि पुढे धातूंचे अत्यल्प प्रमाण मोजणारी यंत्रे प्रयोगशाळांत आली. ती अचूक होती, पण महाग. त्यांना वीज, वायूंची टाकी आणि प्रशिक्षित माणूस लागे. ज्यांच्या घरात ते पाणी भरले जात होते त्यांच्यापासून ती यंत्रे फार दूर होती.

१८.
बंगालमध्ये हे अंतर लाखो लोकांना भोवले. तळ्यांच्या दूषित पाण्यामुळे होणारे जुलाब आणि पटकी टाळावी म्हणून १९७० च्या दशकापासून तेथे उथळ कूपनलिका मोठ्या प्रमाणावर खोदल्या गेल्या. पाणी स्वच्छ होते. जमिनीतील गाळातून त्यात आर्सेनिक उतरत होते. कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी तळहातांवरील गाठी आणि अंगावरील काळे-पांढरे ठिपके यांचा संबंध या पाण्याशी जोडला. १९९३ मध्ये बांगलादेशातही असे दूषित पाणी आढळले.

१९.
त्यानंतर बांगलादेशात सुमारे ५० लाख कूपनलिकांची तपासणी झाली. पाणी घातक असेल तर तोंडाला लाल रंग, नसेल तर हिरवा. सुमारे १४ लाख कूपनलिका लाल झाल्या. पुष्कळशी तपासणी पेटीतील साधनांनी जागेवरच झाली आणि त्या पेटीचा गाभा होता गुटझाइटचाच कागद. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, बांगलादेशची ५०. कागदावरच्या फिकट पिवळ्या छटांमध्ये ४० कुठे संपते आणि ६० कुठे सुरू होते, हे नुसत्या नजरेने ठरवायचे होते.

२०.
२००२ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती यांच्या गटाने या पेट्यांच्या विश्वासार्हतेवर बोट ठेवले. प्रयोगशाळेतील मोजणीशी ताडून पाहता बरेच निकाल चुकीचे निघाले होते. या चुकीचे परिणाम दोन तऱ्हांचे होते. लाल ठरायला हवी ती कूपनलिका हिरवी ठरली, तर घर वर्षानुवर्षे विष पिणार. हिरवी ठरायला हवी ती लाल ठरली, तर कोणा बाईच्या वाट्याला दूरच्या पाण्याची रोजची पायपीट येणार. लाफार्ज खटल्यातील शंका आता प्रत्येक अंगणात उभी होती.

२१.
या पार्श्वभूमीवर फॅरडेच्या लाल-निळ्या खेळाकडे नव्याने पाहिले गेले. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन यांच्या गटाने १९९६-९७ मध्ये सोन्याच्या कणांना डीएनएचे धागे जोडले आणि विशिष्ट डीएनए आले की रंग पालटतो हे दाखवले. २००१ मध्ये त्याच विद्यापीठातील जोसेफ हप यांच्या गटाने कणांवर आम्लगट बसवले. शिसे, कॅडमियम किंवा पारा पाण्यात असेल तर तो दोन कणांमध्ये पुलासारखा बसे आणि कण गोळा होऊन द्रावण निळे पडे. मात्र त्यासाठी धातूचे जे प्रमाण लागे ते पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट होते.

२२.
मग हे अंतर झपाट्याने कमी झाले. आयआयटी मद्रासमध्ये टी. प्रदीप यांच्या गटाने २००३ मध्ये एंडोसल्फान हे कीटकनाशक सोन्याच्या कणांच्या रंगबदलातून ओळखले. २००७ मध्ये मर्किन यांच्या गटाने पाऱ्यासाठी डीएनएवर आधारलेली परीक्षा मांडली. ती लिटरमागे सुमारे २० मायक्रोग्रॅमपर्यंत पोहोचली. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात पारा १ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावा. म्हणजे वाट अजून बाकी होती. शिवाय असे धागे खास बनवून घ्यावे लागत आणि ते स्वस्त नव्हते.

२३.
येथे वनस्पती पुन्हा या कथेत येतात. सोन्याचे एकसारखे कण करण्याची सर्वांत रूढ पद्धत १९५१ मध्ये जॉन तुर्केविच यांनी दिली होती. तिच्यात सोन्याच्या क्षाराबरोबर सायट्रेट उकळतात. सायट्रेट म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार. वनस्पतींमध्ये अशी इलेक्ट्रॉन देणारी, म्हणजे क्षपणकारी द्रव्ये विपुल असतात. अमेरिका-मेक्सिको सीमेवरील एल पासो येथे होर्हे गार्डिया-टोरेस्डे यांचा गट वनस्पतींनी धातू शोषून घेण्याचा अभ्यास करत होता. २००२ मध्ये त्यांना जिवंत लसूणघासाच्या आत सोन्याचे नॅनोकण तयार झालेले आढळले.

२४.
त्याच सुमारास पुण्यात, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, मुरली शास्त्री आणि अबसार अहमद यांचा गट बुरशीकडून नॅनोकण करवून घेत होता. २००१ मध्ये त्यांनी व्हर्टिसिलियम नावाच्या बुरशीत सोन्याचे कण मिळवले. जिरेनियमच्या पानांत राहणारी बुरशी आणि खुद्द जिरेनियमची पाने या दोहोंतून मिळणारे कण त्यांनी २००३ मध्ये ताडून पाहिले. बुरशी वाढवावी, जपावी लागते. पानांचा काढा उकळून गाळला की झाले. संशोधनाचा रोख पानांकडे वळला.

२५.
पुढच्या दोन-तीन वर्षांतली या प्रयोगशाळेतील वनस्पतींची यादी मराठी घराच्या परसातून उचलल्यासारखी आहे. २००४ मध्ये कडुनिंबाच्या काढ्यातून सोने, चांदी आणि सोन्यावर चांदीचा थर असलेले कण. त्याच वर्षी गवती चहाच्या वर्गातील गवतातून सोन्याच्या त्रिकोणी चकत्या. २००५ मध्ये आवळा आणि चिंचेचा पाला. २००६ मध्ये कोरफड. चिंचेच्या पाल्यातून मिळालेल्या त्रिकोणी कणांचा उपयोग वाफा ओळखण्यासाठी होऊ शकेल, हेही तेव्हाच तपासले गेले. कण बनवण्यापासून कणांकडून ओळख पटवून घेण्याकडे पडलेले ते एक पाऊल होते.

२६.
काढ्याचे वैशिष्ट्य असे की तो दोन कामे एकाच भांड्यात करतो. त्यातील पॉलिफेनॉल, शर्करा किंवा टर्पेनॉइड धातूच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात आणि कण जन्मतात. मग त्याच काढ्यातील द्रव्ये कणांभोवती आवरण धरतात आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. फॅरडेला पहिल्या कामासाठी फॉस्फरस लागला होता आणि दुसऱ्यासाठी जेली. प्लिनीच्या मायफळातील टॅनिनही पॉलिफेनॉलच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्याने पपायरस काळा केला, त्याच कुळातील द्रव्ये आज सोने लाल करतात.

२७.
विष ओळखताना चांदी आणि पारा यांचे जुने आकर्षण विशेष कामी आले. पाऱ्याचे आयन चांदीच्या कणांतून इलेक्ट्रॉन ओढून घेतात. चांदी आयन होऊन विरघळते, पारा उरलेल्या कणावर बसतो आणि द्रावणाचा पिवळा रंग फिका होत नाहीसा होतो. २०१० नंतर अनेक देशांतून अशा परीक्षा प्रसिद्ध झाल्या. २०१३ मध्ये तंजावरच्या सास्त्र विद्यापीठातून कडुनिंब, आंबा, हिरवा चहा आणि मिरी यांच्या अर्कांत केलेल्या चांदीच्या कणांवरील काम पुढे आले. चांदी तीच, पण अर्क बदलला की पारा, शिसे आणि जस्त यांपैकी कोणाला प्रतिसाद मिळतो ते बदलत होते. कणाला काय ओळखता येते हे त्याचे आवरण ठरवत होते.

२८.
आता जुन्या प्रश्नाकडे यावे. फॅरडेच्या लाल द्रावणाला निळे करायला साधे मीठ पुरले होते. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या विहिरीत मीठ असतेच. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकली असेल तर क्लोरीन चांदीला खाते आणि पिवळा रंग पारा नसतानाही उतरू शकतो. शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात चोख ठरलेली परीक्षा विहिरीच्या पाण्यात फसू शकते. कणांवरचे आवरण पातळ असेल तर मिठानेही रंग पालटतो. फार घट्ट असेल तर विष आले तरी पालटत नाही. या दोन टोकांमधली नेमकी जागा साधणे हेच या शास्त्रातले अवघड काम आहे.

२९.
दुसरी अडचण वनस्पतींच्या स्वभावातच आहे. आंब्याचे कोवळे पान आणि जून पान, पावसाळ्यातला पाला आणि उन्हाळ्यातला पाला यांत द्रव्यांचे प्रमाण एकसारखे नसते. काढा बदलला की कणांचा आकार, आवरण आणि रंग बदलतो. शिवाय चांदीचे कण जलचरांना घातक ठरू शकतात, म्हणून वापरलेले द्रावण ओढ्यात ओतून चालत नाही. कण पानांपासून केले एवढ्यावरून ते निरुपद्रवी ठरत नाहीत. या कारणांमुळे यातील बहुतांश काम आजही प्रयोगशाळेच्या पातळीवर आहे.

३०.
यावरचे उपाय मात्र इतिहासाने आधीच शिकवले आहेत. ऑर्फिलाच्या काळातील शिस्तीप्रमाणे विषरहित नमुन्याची जोडपरीक्षा घ्यायची. त्याच विहिरीच्या पाण्यात विषाची ज्ञात मात्रा घालून रंग अपेक्षेइतका बदलतो का, हे पाहायचे. काही नमुने यंत्रावर ताडून घ्यायचे. अर्क प्रमाणित करायचा. अशा रीतीने वापरली तर काढ्यातून आलेली स्वस्त बाटली हजार विहिरींतून संशयास्पद पन्नास निवडून देऊ शकते, आणि महागडे यंत्र त्या पन्नासांवर खर्ची पडू शकते. अंतिम निवाडा तिच्यावर सोपवण्याची गरज नाही.

३१.
प्लिनीच्या पपायरसपासून तंजावरच्या चांदीपर्यंत रंग बदलण्याची किमया माणसाला पुन्हा पुन्हा साधली. प्रत्येक वेळी मागाहून तोच प्रश्न आला, की हा रंग नेमका कशाने बदलला. बोडलच्या खटल्यात साका टिकला नाही, लाफार्जच्या काळात जस्तावर संशय आला, बांगलादेशात पिवळ्या छटा दगा देऊन गेल्या. नॅनोकणांची परीक्षा याच रांगेत उभी आहे. हातपंपावर हंडा भरणाऱ्या माणसाला तिच्या उत्तरावर विसंबता आले, तर ती प्रयोगशाळेबाहेर पडली असे म्हणता येईल.

(समाप्त)